ऑपरेशन पुण्यात, जेवण मावळात

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



वजन उतरवण्यासाठी पोटाचे ऑपरेशन करून घेतलेला माणूस दोन-तीन दिवसांत पुण्यातल्या रुग्णालयातून सुटतो आणि जुन्या हायवेने तळेगाव, वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्याला घरी परततो. दुर्बिणीचे ऑपरेशन असल्याने पोटावर चार-पाच बारीक छेद असतात, चालता येत असते, चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद असतो. हातात फाइल, गोळ्यांची पिशवी आणि आहाराचा एक छापील कागद. तो कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो आणि त्यात ब्रॉथ, जेलो, प्युरी असले शब्द असतात. संध्याकाळी स्वयंपाकघरात पहिला प्रश्न उभा राहतो : आता ह्यांना द्यायचं काय?

तो प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचावा म्हणून हे पत्र. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत उरकते. तिच्यानंतरचे सहा-आठ आठवडे मात्र रुग्ण आपल्याच ओट्याशी, आपल्याच भांड्यांतून, घरच्यांच्या अंदाजाने काढतो. उपचाराचा हा भाग अजून सरकारी दवाखान्यांच्या कामाच्या यादीत नीटसा आलेला नाही. तो यायला हवा, आणि सुरुवात मावळ तालुक्यापासून करता येण्यासारखी आहे.

हा श्रीमंतांचा शौक आहे, सरकारने त्यात का पडावे, असे कुणी आपल्याला सांगेल. तो काळ मागे पडला. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतले, तेव्हा ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द बहुतेक मराठी वाचकांनी पहिल्यांदा ऐकला. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी विमानाने मुंबईत आणले आणि काही महिने वर्तमानपत्रे त्यांच्या वजनाचे आकडे छापत राहिली. त्यांच्या पोटात रोज काय आणि कसे जात होते, यावर मात्र त्या मानाने कमी लिहिले गेले. पुढे २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने नियम ठरवून दिले : बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे असा गंभीर आजार सोबत असेल आणि इतर उपाय करून झाले असतील, तर या शस्त्रक्रियेला विमा नाकारू नये. म्हणजे चाकण-तळेगावच्या कारखान्यात नोकरी करणारा, कंपनीची पॉलिसी असलेला कामगारही आता या टेबलावर जाऊ शकतो.

तो जाणारही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. आपल्या भागाला याचे आणखी एक कारण माहीत असायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे, की भारतीय माणूस बारीक दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेसाठीची बीएमआयची पातळी खाली आणावी, असे २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी सुचवले, ते याच कारणाने. येत्या काही वर्षांत अशी माणसे गावोगाव दिसू लागतील.

आता स्वयंपाकघरात येऊ.

‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी, तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिली मावते. ‘बायपास’मध्ये जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या जागेला सूज असते, आतून टाके असतात. म्हणून आधी एक-दोन दिवस निव्वळ पाण्यासारखे पातळ, मग साधारण दोन आठवडे ताक, दूध, डाळीचे गाळलेले कढण, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न, त्यानंतर मऊ, आणि सहा-आठ आठवड्यांनी नेहमीचे, असा क्रम. डॉक्टरागणिक त्यात दिवस थोडे मागेपुढे होतात.

कागदावर हे सोपे वाटते. पण पाण्याचेच बघा. दिवसाला किमान दीड लिटर द्रव पोटात जायला हवा. खोकल्याच्या औषधाबरोबर येते ते ३० मिलीचे प्लास्टिकचे माप घेऊन दर पाव तासाला एकेक प्यायचे ठरवले, तर तासाला १२० मिली होतात आणि दीड लिटरला साडेबारा तास लागतात. अख्खा जागेपणीचा दिवस! त्यात घटाघटा प्यायची मुभा नाही, स्ट्रॉ नको, सोडा नको, आणि घन अन्न सुरू झाले की जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी बंद. उन्हातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो आणि पहिल्या चार घोटांतच छातीच्या मधोमध कळ येते. पाणी अडकल्याची ती कळ ज्याने अनुभवली, तो पुन्हा प्यायलाच घाबरतो. मग लघवी पिवळी, डोके जड, चक्कर. या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला परत दाखल करावे लागते, त्यात शरीरातले पाणी कमी होणे हे नेहमीचे कारण आहे.

प्रथिनांचे गणित त्याहून कठीण. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम धरले तर दहा अंडी झाली, आणि इथे तर अर्धे अंडेही संपत नाही. पातळ वरणात डाळ कमी, पाणी फार. म्हणून प्रथिनांची पूड घ्यावी लागते आणि तिचा डबा बहुधा स्वतःच्या खिशातून येतो. डबा संपला की दुसरा आणायला घर कचरते आणि रुग्ण भाताच्या पेजेवर येतो.

इथे मावळची म्हणून एक अडचण आहे. या तालुक्याचा अभिमान म्हणजे इंद्रायणी तांदूळ. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये हे वाण दिले, आणि पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यात आज घराघरात तोच भात शिजतो. सुवासिक, मऊ आणि चिकट. आजाऱ्याला द्यायला याहून हलके काय, असे इथल्या कुठल्याही आजीला वाटेल, आणि एरवी ते खरेही आहे. पण नव्याने शिवलेल्या जठराला चिकटपणाच नडतो. मऊ भाताचा गोळा त्या अरुंद नळीत बसतो, खाली सरकत नाही, तोंडाला पाणी सुटते, मग पांढरा फेस उलटून येतो. मऊ पावाचे आणि ताज्या पोळीचेही तेच. त्यामानाने ज्वारीची भाकरी कडक भाजून, कुस्करून, वरणात भिजवलेली बरी उतरते, तीही सहा आठवड्यांनंतर. तोपर्यंत मुगाचे कढण, गाठी मोडून गाळलेली नाचणीची आंबील, ताक, मऊ पनीर, कमी तेल-तिखटाचे सैलसर पिठले. हे सगळे मावळातल्या डब्यांत आहे, फक्त कुणीतरी ते क्रमाने लिहून द्यायला हवे.

आता आपण नीट ऐकावे अशी विनंती आहे, कारण पुढची गोष्ट जिवावर बेतू शकते.

उलट्या होत असलेल्या, अशक्त माणसाला गावात आपण काय करतो? जवळच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावतो. रुग्ण समाधानी, घरचे समाधानी. त्या बाटलीत पुष्कळदा ग्लुकोज असते. शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. पॉलिश केलेल्या, चार पाण्यांनी धुतलेल्या तांदळाच्या पेजेत ते जवळपास नसतेच, आणि आठवडाभर उलट्या करणाऱ्याच्या पोटात गोळीही टिकत नाही. अशा शरीरात थायमिनशिवाय ग्लुकोज सोडले, तर उरलेसुरले थायमिन ते पचवण्यात खर्ची पडते आणि मेंदूला इजा होते. माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याला एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो. याला वेर्निकेचा विकार म्हणतात. वेळेत ओळखले तर थायमिनच्या इंजेक्शनने तो आटोक्यात येतो, उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते. हे इंजेक्शन स्वस्त आहे. नियम एका ओळीचा आहे : वजनाचे ऑपरेशन झालेला रुग्ण उलट्या घेऊन आला, तर आधी थायमिन, मग ग्लुकोज. ही ओळ तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हवी, १०८ च्या गाडीत हवी आणि खासगी डॉक्टरांच्या टेबलावरही.

दुसरी अशीच बाब मधुमेहाच्या गोळ्यांची. ऑपरेशननंतर काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्याआधी, साखर खाली येऊ लागते. सरकारी केंद्रातून दरमहा मिळणाऱ्या गोळ्या रुग्ण सवयीने घेत राहतो, खाणे मात्र चार चमचे. पहाटे घाम, थरथर, बेशुद्धी. गोळ्या देणाऱ्या परिचारिकेला फक्त एवढे माहीत असले, की हा माणूस ऑपरेशन होऊन आलाय, तर ती त्याला डॉक्टरांपुढे बसवेल. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनही बायपासवाल्याच्या जोडावर व्रण करू शकते. हे औषधाच्या दुकानदाराला सांगायला किती वेळ लागतो?

लोणावळ्यात राहणाऱ्याला आणखी एक परीक्षा असते, चिक्कीची. भेटायला येणारा पाहुणा पिशवीत तीच घेऊन येतो. बायपासनंतर गूळ-साखर जठरात न थांबता सरळ लहान आतड्यात पडते, तिथे रक्तातले पाणी ओढून घेते. दहा ते तीस मिनिटांत पोटात पिळा, छातीत धडधड, घाम, जुलाब. रुग्ण अंथरुणावर पडतो आणि वाटते, हा आता गेला. ते थांबते. पण साखर झपाट्याने चढल्यामुळे इन्सुलिन जास्त सुटते आणि तासा-तीन तासांनी साखर एकदम कोसळते. मग घरचे गूळपाणी देतात, तात्पुरते बरे वाटते आणि त्यातूनच पुढचा झटका उभा राहतो. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये ते कमी होते, तरी होते. इलाज औषधाचा कमी, जेवणाच्या मांडणीचा जास्त : गोड टाळणे, आधी प्रथिने खाणे, पाणी वेगळे ठेवणे. शेंगदाण्याचे कडक तुकडे त्या कोवळ्या टाक्यांवरून जायलाच नकोत, हे वेगळे सांगायला नको.

बाकीच्या त्रासांची यादी लांब आहे, पण त्यातले बरेचसे घाबरण्यासारखे नसतात, आणि नेमके हेच कुणी सांगत नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत खांदा दुखतो. पोटाला लागलेल्या माणसाचा खांदा का दुखावा? दुर्बिणीसाठी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या की ओसरते. पोट भरल्याची खूणही बदलते. ढेकर, तडस ही जुनी लक्षणे राहत नाहीत. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचे नाक वाहू लागते. ती खूण ओळखून चमचा खाली ठेवणे हे नवे शिक्षण आहे, कारण पुढचा एकच चमचा उलटीला पुरतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनाचा काटा थांबतो आणि रुग्ण हवालदिल होतो. तो पुन्हा हलतो. तीन ते सहा महिन्यांत केसांचे पुंजके कंगव्यात येतात, बायका रडतात. प्रथिने व लोह सांभाळले तर बहुतेकांचे केस परत येतात.

काही गोष्टींना मात्र थांबायचे नसते : नाडी १२० च्या वर, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, पायाच्या पोटरीला एकाएकी सूज, दिवसभरात पाण्याचा घोटही न टिकणे. टाक्यातून गळती किंवा रक्ताची गाठ असू शकते आणि तेव्हा तालुक्यात सलाईन लावून रात्र काढणे धोक्याचे. लोणावळ्याहून शनिवार-रविवारच्या गर्दीत पुणे गाठायला किती वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात भुशी धरणाकडे वळलेल्या गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या रुग्णाच्या हातात निदान फोन करण्याजोगा एक नंबर तरी असावा.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले कैवल्यधाम आहे, आणि तिथून शिकून गेलेल्या असंख्य लोकांमुळे योगक्रिया इथल्या घराघरात परिचयाच्या आहेत. म्हणून एक सांगणे गरजेचे वाटते. संथ श्वसन, चालणे, शवासन हे या काळात उपयोगी. पण मीठपाणी पिऊन वमन करणे, कपालभाती, अग्निसार, नौली अशा पोटाला झटका किंवा ताण देणाऱ्या क्रिया सर्जनने परवानगी देईपर्यंत नकोत. जाणता योगशिक्षक हे स्वतःहून सांगेल. अडचण व्हिडिओ पाहून करणाऱ्यांची आहे.

आणि माणसांचे काय? हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत, लग्नात, एकवीरेच्या जत्रेहून आलेल्या पाहुण्यांच्या ताटात, आग्रह ही आपली माया दाखवायची रीत आहे. ‘एवढंसं काय घेतलंस, घे की अजून एक वाटी.’ नाही म्हणणाऱ्याला कारण सांगावे लागते, आणि ऑपरेशन झाले हे बहुतेकांना सांगायचे नसते. आयते बारीक झाले, कष्ट न करता, असे बोलणारे प्रत्येक वाडीत असतात. ज्याने दिवसातून पन्नास वेळा ते ३० मिलीचे माप तोंडाला लावले, त्याला हे ऐकावे लागणे अन्यायाचे आहे. बाईची स्थिती आणखी बिकट. फोडणीचा वास नको झालेला असतो, जिभेची चव बदललेली असते, तरी घरातल्या पाच जणांच्या भाकऱ्या तिलाच थापायच्या असतात. शेवटी ती स्वतःसाठी वेगळे कढण करायला मिक्सर धुऊन घेते, तोवर दुपारचे दोन वाजलेले असतात. मेंदूला जुने खाणे आठवत राहते. भुकेचा संदेश देणारे घ्रेलिन हे संप्रेरक जठराच्या ज्या भागात तयार होते तोच स्लीव्हमध्ये बहुतांशी काढलेला असल्याने पोट मागत नाही, पण पावसात भाजलेल्या कणसाचा वास आला की मन मागते. पहिल्या महिन्यात ‘हे मी का करून घेतलं’ म्हणून रात्री रडणारी माणसे असतात. त्यांना वेडे ठरवू नये. त्यांच्याशी बोलणारे कुणी असले, की बहुतेकांचा हा काळ सरतो.

मंत्रिमहोदय, यासाठी नवे रुग्णालय उभारायला नको. मावळात कार्ला, खडकाळा, येळसे येथे प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, तळेगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात रक्तदाब आणि मधुमेहाच्या नोंदी तुमच्या परिचारिका आजही ठेवतात. त्याच वहीत एक रकाना वाढवा : वजनाची शस्त्रक्रिया झाली का, कोणती, कधी. आहारतज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस तालुक्यात बसावे आणि बाकीचे दिवस फोनवर मिळावे. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला, मग ते पुण्याचे असो वा मुंबईचे, मराठीत आणि इथल्या जिनसांत लिहिलेले आहारपत्रक व तालुक्याच्या डॉक्टरांसाठी एक पानाचे पत्र देणे सक्तीचे करा. त्या पानावर कोणते ऑपरेशन झाले, कोणत्या गोळ्या बंद केल्या आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, एवढे असले तरी पुरे.

जीवनसत्त्वांचाही प्रश्न आहेच. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वर्षातून निदान एकदा रक्ताची तपासणी, हे आयुष्यभराचे देणे आहे. पहिल्या वर्षी सगळे घेतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पॉलिसी बदललेली असते, सर्जनकडे जाणे थांबलेले असते, आणि हातापायांना येणाऱ्या मुंग्यांचा त्या ऑपरेशनशी संबंध आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बी-१२ चे इंजेक्शन आरोग्य केंद्रात मिळण्याची आणि त्याची तारीख आशाताईंनी लक्षात ठेवण्याची व्यवस्था झाली, तर हे टळेल. लसीकरणाच्या तारखा त्या इतक्या चोख सांभाळतात, त्यांना ही जबाबदारी जड जाणार नाही. फक्त या कामाचे प्रशिक्षण आणि मोबदला वेळेवर मिळावा.

पहिल्या टप्प्यात थायमिनची इंजेक्शने आणि तो एका ओळीचा नियम पावसाळ्याआधी तालुक्यातल्या केंद्रांवर पोहोचावा, ही विनंती. आहारपत्रकाचा मराठी मसुदा करायला मावळातल्या सुगरणी, पुण्यातले आहारतज्ज्ञ आणि आपल्या खात्याचे अधिकारी एका टेबलाशी बसवलेत, तर तो महिन्याभरात तयार होईल.



आपला,
मावळ तालुक्यातील एक नागरिक